अण्णांना शंभरपैकी किती?

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधेच हसलात तर मी चहा अर्धा टाकून उठून जाईन. विषय घरचा आहे. मी माझ्या सख्ख्या बापाला नापास केलं. एकदा नाही, रोज. आणि ज्या माणसानं जन्मात माझं एक ऐकलं नाही, तो मुकाट्यानं नापास होत राहिला!

झालं असं, की लातूरच्या क्लासमधून मी दुसऱ्यांदा पळून चाकूरला घरी आलो होतो. पळून म्हणजे तिकीट काढून, एसटीनं. मी डॉक्टर व्हायचं ठरलं होतं. कोणी ठरवलं ते विचारू नका, त्या बैठकीला मी नव्हतो. थोरले काका होते. थोरल्या काकांना सगळ्यातलं कळतं, आणि वादात हरायला लागले की ते एकच पत्ता टाकतात, "तुम्ही भूकंप बघितला न्हाई." आता यावर माणसानं काय बोलावं? जणू भूकंप चुकवायला मी मुद्दाम उशिरा जन्मलो.

अण्णांचं म्हणजे माझ्या वडिलांचंही तेच. भूकंपानंतर मदतीचे पत्रे वाहणाऱ्या ट्रकवर ते पोरवयात क्लीनर म्हणून चढले आणि ड्रायव्हर होऊन उतरले. ही कथा आमच्या घरात आरतीसारखी म्हटली जाते. नांदेड-लातूर रस्त्यावर आपल्यासारखं स्टेअरिंग धरणारा दुसरा नाही, असं त्यांचं मत. दुसऱ्या कोणाचं मत कोणी विचारलेलं नाही.

तर अण्णांच्या नव्या ट्रकचं मीटर गेलं. मीटर म्हणजे स्टेअरिंगच्या पुढचा तो छोटा टीव्ही. वेगाचा काटा चालू, डिझेलचा काटा चालू, पण मधला स्क्रीन काळा ठार. शोरूमवाले म्हणाले, अख्खं मीटर बदला. अण्णा म्हणाले, स्क्रीन नव्हते तवाबी गाड्या चालायच्या. मी म्हणालो, मी करतो.

काकांनी हातातला पेपर खाली ठेवला.

"तू?" थोरले काका म्हणाले. "रसायनात किती पडले व्हते तुला?"

"मीटरमधी रसायन नसतंय, काका."

हे वाक्य मी फार ऐटीत म्हणालो होतो. असो.

अण्णांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "ठीक हाय. मीटर नीट केलंस आन दिवाळीपर्यंत टिकलं, तर नाक्यावर गाळा बगू. गाड्यांच्या वायरिंगचं दुकान टाक. न्हाई टिकलं, तर गुमान लातूर. तिसऱ्यांदा."

म्हणजे बघा, एका बाजूला माझं उभं आयुष्य आणि दुसऱ्या बाजूला एक काळा स्क्रीन.

मोबाइलवर एका बाबाचा व्हिडिओ सापडला. त्याचं तोंड दिसत नव्हतं, नुसते हात दिसत होते. त्या हातांवर विश्वास ठेवून मी मीटर उघडलं. आत एक चपटी पट्टी होती, स्क्रीनला जोडलेली. ती खोडरबरनं घासून साफ केली. हा खोडरबर क्लासच्या कंपासपेटीतला. दोन वर्षांत क्लासचा मला झालेला तेवढाच उपयोग. मग पट्टीवर रुमाल ठेवून वरून इस्त्री फिरवली. आईनं ते बघितलं.

"कधी स्वतःच्या शर्टाला केली न्हाईस रे," ती म्हणाली.

मीटर बसवलं, किल्ली फिरवली आणि स्क्रीन लागला! अर्धा. डावी बाजू तशीच काळी, आणि उजवीकडे ठसठशीत आकडा. ६४, आणि पुढं टक्क्याची खूण.

"अर्धं न्हाई लागलं," अण्णा म्हणाले.

"कामाचं उजवीकडंच असतंय."

"आन हे चौसष्ट कशाचं?"

आता इथं माझी बाजू ऐकून घ्या. गाडी घेताना शोरूमचा माणूस म्हणाला होता, की हा स्क्रीन ड्रायव्हरला मार्क देतो. ब्रेक कसा मारता, गाडी उभी करून इंजिन फुकट चालू ठेवता का, सगळं बघून शंभरपैकी आकडा. हे अण्णांनीही ऐकलं होतं. आणि दुसरं म्हणजे, आमच्या जिल्ह्यात शंभरपैकी कुठलाही आकडा दिसला की तो मार्कच असतो. दवाखान्यात आजीचा ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव निघाला तरी पाहुणे पेढे मागतात.

"मार्क हायत, अण्णा."

"कुणाचे?"

"तुमचे."

अण्णांनी बोटानं आकड्यावरची धूळ पुसली. मग हळूच म्हणाले, "चौसष्टला काय मिळतंय?"

काय सांगू, त्या क्षणी माझ्या अंगात लातूरचे सगळे सर एकदम शिरले! मी म्हणालो, "चौसष्टला काय बी मिळत न्हाई. पण मेहनत केली तर तुम्ही करू शकता."

दुसऱ्या दिवसापासून मी शेजारच्या सीटवर. अण्णांचा क्लास सुरू. कंधारला माल भरा, लातूरला उतरवा, आणि मी बाजूला बसून, "ब्रेक हळू. गिअर वेळेवर. लक्ष कुठंय तुमचं?" गाणी बंद केली. मोबाइल माझ्याकडं जमा. मला दोन वर्षं जे जे ऐकवलं होतं ते मी शब्द न बदलता परत केलं. "दुसऱ्याच्या पोरांना जमतंय, तुम्हालाच कामून न्हाई जमत?" हे पण म्हणालो. फार गोड वाटलं.

लोह्याच्या रस्त्यावर एक चहाची टपरी आहे. अण्णा आणि त्यांचे जुने दोस्त सलीमचाचा तिथं रोज थांबायचे. चाचांची गाडी अण्णांइतकीच जुन्या वळणाची, तिच्यात स्क्रीन वगैरे काही नाही. गाडी उभी राहिली की अण्णा इंजिन बंद करत नाहीत, ही त्यांची जुनी सवय. त्यानं मार्क जातात म्हणून मी चहाच बंद केला. एक दिवस चाचांनी रस्त्यात हात करून गाडी थांबवली.

"क्या माधव, चाय कू भी नै रुकता आजकल? इम्तिहान चल रा क्या तेरा?"

"मार्क कमी पडून राहिलेत, सलीम," अण्णा खाली बघत म्हणाले.

चाचांनी आत डोकावून आकडा बघितला, मग माझ्याकडं बघितलं. "मेरे गाडी में मीटरच नै. अपन तो पैलेसेच शाळा छोडके बैठे." आणि हसत हसत चहाकडं गेले. अण्णांनी त्यांच्या ग्लासाकडं ज्या नजरेनं बघितलं, तसं मी क्लासच्या खिडकीतून क्रिकेटकडं बघायचो. मला दया आली का? अजिबात नाही.

आता यातली गंमत अशी की मार्क वाढेनात. अण्णा जीव तोडून नीट चालवत होते. पॅडल हळू दाबलं जावं म्हणून चप्पल काढून, मोजे घालून चालवायला लागले. हॉर्नसुद्धा विचारून वाजवायचे. तरी चौसष्टचे अठ्ठावन्न झाले, अठ्ठावन्नचे एक्कावन्न. जितका अभ्यास जास्त, तितके मार्क कमी. मला यात काही नवल वाटलं नाही, माझंही तसंच व्हायचं.

एकदाच चढावर आकडा तीननं वाढला. अण्णांनी मला दंडाला धरून दाखवलं. "बग! बग!" चढ संपून सपाटी लागली आणि तीन मार्क परत गेले.

"चढावर तुम्ही मन लावून चालवता," मी निदान केलं. "सोपं आलं की हलगर्जीपणा. ही तुमची जुनी खोड हाय."

"हाव," अण्णा म्हणाले. कबूल केलं त्यांनी!

घरी थोरले काका टपून बसलेले. "काय माधव, आज किती?"

"बहात्तर," अण्णा म्हणाले. खरे होते चव्वेचाळीस.

बोलताना त्यांनी मानेमागं खाजवलं. मार्कांचं खोटं सांगताना मीही तिथंच खाजवतो; ही खोड कुठून आली ते त्या दिवशी कळलं. आणि काका काय म्हणाले असतील? "बहात्तर म्हंजे काय लई न्हाईत. लोकांच्या गाड्यांना नव्वदच्या वर असत्याल." काकांना सायकल येत नाही, बरं का.

दरम्यान अण्णांनी मला एकदा विचारलं, "यूरिया बघितला का रे?" नव्या गाड्यांना डिझेलशिवाय यूरियाचं पाणी लागतं, धूर साफ करायला. त्याची वेगळी टाकी असते, निळ्या झाकणाची. मी म्हणालो, "दिवा लागल्यावर भरायचा असतो. लागला का दिवा? मग? तुम्ही फक्त गाडीकडं लक्ष द्या."

दिवा कुठल्या बाजूला असतो? डावीकडं, त्या काळ्या अर्ध्यात. पण तेव्हा मला कोण विचारणार?

आकडा बारावर आला तेव्हा मीटरमधून आवाज सुरू झाला. टूं. टूं. टूं.

"हे कामून बोंबलून राहिलंय?"

"मार्क घसरले की क्लासवाले घरी फोन करतात न्हाई का? तसलंच हाय."

अण्णांचा चेहरा इतका पडला की मी त्या आवाजाची वायरच काढून टाकली. क्लासचा नंबर अण्णांच्या फोनमध्ये मीच ब्लॉक केला होता, त्यामुळं या उपायाचा मला अनुभव होता.

आणि मग तो दिवस. कंधारहून सोयाबीन भरून निघालो. लोह्याला तीन मार्क होते. अहमदपूरला एक. अहमदपूर सोडलं आणि अण्णांच्या डोळ्यांदेखत भोपळा! त्याच क्षणी गाडीतला जीवच गेला. अण्णा पॅडल दाबतायत आणि गाडी बैलगाडीच्या चालीनं सरकतेय. उसाचा ट्रॅक्टर आम्हाला ओलांडून गेला. मग सायकलवरचे एक आजोबा गेले, तेही मागं वळून बघत.

"झिरोला गाडीबी चालत न्हाई का रे?" अण्णांनी विचारलं.

मी काय उत्तर दिलं ते सांगायला मला आजही जड जातं. मी म्हणालो, "सिस्टीम हाय, अण्णा. नापास ड्रायव्हरला गाडी नेत न्हाई."

अण्णांनी गाडी एका लिंबाच्या सावलीला घेतली. दोन्ही हात स्टेअरिंगवर. मोज्यांचे अंगठे फाटलेले.

"क्लासला तुला किती पडायचे?"

"तुमच्यापेक्षा जास्त."

त्यांनी मान हलवली. "महिना झाला, मला झोप न्हाई. डोळा लागला की आकडा दिसतोय. तू दोन वर्षं कसं काढलंस?"

मी खिडकीची काच उगाच खाली-वर केली.

"दिवाळीबिवाळी राहू दे," अण्णा म्हणाले. "उद्याच गाळा बगू. मीच पास झालो न्हाई, तुला कशाला सांगू?"

जिंकलो की हो! जे मला दोन वर्षं भांडून, उपाशी राहून, पळून जाऊन मिळालं नाही, ते एका अर्ध्या स्क्रीननं मिळवून दिलं. मी मोठ्या मनानं म्हणालो, "पुढच्या येळी चांगले पडतील, अण्णा."

रांगत रांगत पुढच्या पंपापर्यंत आलो. आता हा माणूस इतका सवयीचा गुलाम, की अशा अवस्थेतही म्हणाला, "आलोच हाय तर यूरियाची एक बकेट टाक. लई दिवस झाले." ते वरच बसले, किल्ली चालू ठेवून, आकड्याकडं बघत. मी खाली उतरून निळं झाकण उघडलं आणि ओतायला लागलो.

वरून ओरडणं. "अरे! पाच झाले!"

"काय केलं तुम्ही?"

"काय बी न्हाई! नुसता बसलोय!"

"मग तसंच बसा! हलू नका!"

"अकरा! अरे, अठरा!"

"पाय लावू नका कशाला! शांत बसा! जमून राहिलंय तुम्हाला!" मी ओततोय आणि खालून शिकवतोय. माझा आवाज भरून आला होता. शेवटी माझ्या विद्यार्थ्याला सूर सापडला होता!

"चोवीस!... थांबले रे. चोवीसवर थांबले."

थांबणारच. मी डोळे पुसायला बकेट खाली ठेवली होती. परत उचलली.

"सव्वीस! तीस!"

मग वरचा आवाज बंद झाला. मी खाली धार तोडली. परत थोडी सोडली.

"बत्तीस," अण्णा म्हणाले. यावेळी ओरडले नाहीत.

ते खाली उतरले. माझ्या हातातून बकेट घेतली, स्वतः थोडं ओतलं, वर चढून आकडा बघितला, परत उतरले. टाकीकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. सावकाश खाली बसून पायातले मोजे काढले आणि नीट घडी करून माझ्या खिशात घातले. यूरिया पोटात गेलेली गाडी सुरू केली, ती तीरासारखी निघाली. लातूरला सोयाबीन उतरवलं आणि रिकामा ट्रक सरळ क्लासच्या दारात लावला. इंजिन चालूच ठेवून.

काउंटरवरच्या माणसानं माझा जुना अर्ज काढला, चष्मा वर केला. "मधेच सोडून गेला होता की हा. इतके दिवस काय करत होता?"

मी तोंड उघडायच्या आत अण्णा म्हणाले, "क्लास घेत व्हता. एकच पोरगं व्हतं. फेल गेलं."