दिवसा उघडलेला पडदा

धायरीला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये दशरथराव राहतात. कोकण किनाऱ्यावरच्या एका जुन्या दीपगृहात त्यांची सारी नोकरी गेली. मुलगा अभय आणि सून चैताली दोघंही हिंजवडीला कॉम्प्युटरवर. कंपनीची बस सकाळी घेऊन जाते, ती अंधार पडल्यावर आणून सोडते. याला म्हणे प्रगती म्हणतात. मधला सगळा दिवस पाच वर्षांची मैत्री आजोबांच्या हवाली.

अलीकडे त्यांचं काहीतरी बिनसलं होतं. एकदा नातीला बालवाडीत सोडलं आणि घरचा रस्ताच विसरले. धायरी फाट्यावर मला सापडले. चैताली धास्तावली, पण अभय ऐकेना. "वय झालंय गं. त्यांना एकदा दीपगृह दाखवून आणू, बरं वाटेल." मैत्रीसकट सगळे निघाले. शेजारधर्म म्हणून गाडीत मीही बसलो. नसतो बसलो तर बरं झालं असतं.

तिथे आता दुपारनंतर तिकीट काढून कोणालाही जाता येतं. जुने साहेब आलेत म्हटल्यावर तिथल्या तरुण कर्मचाऱ्याने वाकून नमस्कार केला आणि पर्यटकांना बंद असलेली दिव्याची खोली उघडून दिली. दिव्याभोवती माणसाहून उंच भिंग. दिवसा त्याला पडदे लावून ठेवतात, नाहीतर ऊन एकवटून आत आग लागते. हे दशरथरावांना कोणी सांगायला नको, म्हणून मैत्रीला त्यांच्याजवळ सोडून आम्ही खुशाल सज्जात वारा खात उभे राहिलो.

आतून त्यांचा आवाज आला, "अभय, आतून काच नीट पूस हं. अंधार पडला, पडदे काढतोय."

अभय माझ्या शेजारी उभा होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. लहानपणी संध्याकाळी तोच भिंगाच्या आत शिरून काच पुसायचा. आता आत मैत्री होती, आणि समुद्रावर रणरणतं ऊन.

तो धावला. पोर किंचाळतच बाहेर आली. फ्रॉकच्या खांद्याला भोक पडून धूर येत होता, खालची कातडी भाजली होती. दशरथराव मात्र पडद्याची शांतपणे घडी घालत होते.

परतताना कात्रजपर्यंत चैताली पोरीच्या खांद्यावर ओला रुमाल धरून बसली होती.

सोमवारी ते नेहमीसारखे मैत्रीची पाण्याची बाटली भरून दारात उभे राहिले. चैतालीने पोरीला उचललं आणि आत जाऊन कडी लावली.

"अभय, काय झालं रे? माझं काही चुकलं का?"

खाली बस हॉर्न देत होती. अभयने वर पाहिलं नाही.

"नाही बाबा," तो म्हणाला आणि पायातले बूट काढायला लागला.