न झालेली दुसरी भेट

नगररचनेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्याची मेल आली, तेव्हा मी अंधेरीच्या ऑफिसात एका चाळीच्या नकाशावर संडास मोजत बसले होते. कॉलेज राज्याबाहेरचं होतं, नावाजलेलं, आणि त्याची स्वप्नं मी दोन वर्षं बघत होते. महिनाअखेरपर्यंत होकार कळवायचा आणि ऑफिसचं अनुभवपत्र जोडायचं, एवढंच बाकी होतं. मी मेल बंद केली आणि संडास पुन्हा पहिल्यापासून मोजले, कारण आकडा विसरले होते.

संध्याकाळी आईला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. "मग जा ना. विचार कसला करतेस?" ती म्हणाली. "शिकायला मिळत असताना नाही म्हणायचं नसतं आपल्यात." आमचं घराणं बुलढाण्याकडचं. आजोबा हातात काही नसताना घाटकोपरच्या टेकडीवर आले आणि पत्र्याची खोली उभी करून राहिले. त्या टेकडीवर वाढलेली मुलगी आता शहरं आखायला शिकणार, याचा आईला केवढा अभिमान. तिच्यापुढे माझी जीभ रेटेना.

मी विचारात पडले होते, त्याचं खरं कारण काकी होती.

काकी म्हणजे आमच्या समोरच्या दारातली मालवणी बाई. नवरा गिरणीत होता, तो गेल्यावर एकटीच राहायची. आमच्या खोलीत सहा माणसं, तिच्याकडे ती एकटी. म्हणून आर्किटेक्चरची पाचही वर्षं माझा ड्रॉइंग बोर्ड तिच्या पोटमाळ्यावर होता. मी वर रेघा मारायची, ती खालून चहा वर सरकवायची आणि बजावायची, "कागदार सांडू नको गो बाय, मगे माका बोल लावशीत." माझ्या डिग्रीत तिचा वाटा किती, हे मी कुणाला सांगत नसे. तिला मात्र ठाऊक होतं.

पुढे आमच्या वस्तीचा पुनर्विकास आला आणि सर्वेक्षणाचं काम नेमकं माझ्याच ऑफिसला मिळालं. साहेब खूश. "तुझीच गल्ली आहे ना? मग वेळापत्रक तूच लाव." मीही खूश होते, नाही कशाला म्हणू. दारांवर लाल रंगाने नंबर टाकायचे, खोली मोजायची, कागदपत्रं बघायची, घरच्या माणसाचा दारात उभं करून फोटो काढायचा. दार बंद असेल तर काही दिवसांनी पुन्हा जायचं. फॉर्मवर त्यासाठी दोन रकाने होते, पहिली भेट आणि दुसरी भेट. दोन्ही वेळा दार बंद मिळालं, तर घर अपात्र, म्हणजे नव्या इमारतीत खोली नाही.

आमच्या गल्लीत मापं घेणं म्हणजे छळ होता. पाण्याची पिंपं, बाइका, वाळत घातलेले कपडे, टेप कधी सरळ जायचीच नाही. मी डोकं चालवलं आणि आमच्या गल्लीला गणपतीचे दिवस दिले. कोकणातली सगळी घरं तेव्हा कुलूप लावून गावाला जातात. गल्ली मोकळी, टेप सरळ. लहानपणापासून दरवर्षी मी ती कुलपं बघत आले होते. आमच्याकडे गणपती नसतो, त्यामुळे त्या दहा दिवसांत गल्लीत क्रिकेट खेळायला आम्हालाच रान मोकळं मिळायचं. म्हणजे ही लोकं नसणार हे मला पक्कं माहीत होतं. त्यांच्यासाठी दुसरी भेट आहेच की, असं मी मनाला सांगितलं.

दुसरी भेट झालीच नाही. सगळ्याच ऑफिसांत दोन्ही रकाने एकाच बैठकीत भरायची पद्धत होती. पहिल्या दिवशीच पुढची तारीख टाकायची, टिक करायची, सही करायची. मीही तेच केलं. अकरा दारं होती, अकरा वेळा टिक केलं. लोक गावाहून परतले, दारावर चिकटवलेली नोटीस वाचली आणि मुदतीत कागद घेऊन धावले, त्यातले दहा जण सुटले. काकीची सासू तिकडे अंथरुणाला खिळली होती, ती दसरा उलटल्यावर आली. तोवर नोटीस कुठे उडून गेली होती आणि यादी लागली होती. आमचं घर पात्र, समोरचं अपात्र.

वस्ती पाडली तेव्हा आम्हाला संक्रमण शिबिरात खोली मिळाली. काकी चारकोपला भाचीकडे गेली. अपील केलं तिने, पण कागदावर दोन भेटी होत्या आणि दोन्हींखाली माझी सही. सुनावणीच्या तारखा पडत राहिल्या.

आणि मी काय केलं? प्रवेशासाठी निबंध लिहायचा होता, त्यात हेच लिहिलं. सण न बघता लावलेलं वेळापत्रक, न झालेली दुसरी भेट, एका विधवेचं गेलेलं घर. फक्त 'मी' च्या जागी 'एक सर्वेक्षक' असं लिहिलं. मुलाखतीत एक प्राध्यापक म्हणाले की, तुमचा निबंध वाचून त्या सर्वेक्षकाचा राग आला. मी मान डोलावली. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि तरीही मला ती जागा हवी होती.

मेल आली त्या आठवड्याच्या रविवारी चारकोपला गेले. भाचीने बाल्कनी बंद करून काकीला पलंग टाकून दिला होता. प्रवेशाची बातमी ऐकून काकीने माझ्या तोंडात साखर घातली. "मोठी साहेबीण होऊन ये, मगे माज्या घराचा तूच काय ता कर," म्हणाली. मी सहज विचारलं, यंदा गणपतीला कधी निघणार? ती हसली नाही. "खय जातंय? त्या साली गेलंय तेच्यानंतर गावाक पाय ठेवलंय नाय. कुलूप हातात घेतंय आणि परत ठेवतंय."

तिथे मला राहवेना. सगळं सांगून टाकलं. तारखा मी लावल्या, तू नसणार हे मला माहीत होतं, दुसऱ्यांदा कुणी आलंच नव्हतं, सही माझी होती.  ती उठली, चहाचा कप विसळला आणि भाची यायची वेळ झाली, आता तू निघ, एवढंच म्हणाली.

घरी येऊन मी निवेदन लिहिलं: दुसरी भेट झाली नाही, नोंद खोटी आहे, ती मी केली. सोमवारी ते साहेबांसमोर ठेवलं. माझं अनुभवपत्र सही होऊन त्यांच्या टेबलावरच पडलं होतं. साहेब वाईट माणूस नाही. "अगं, सगळेच करतात हे. वेड लागलंय का तुला? ऑफिसची वाट लागेल यार," ते म्हणाले. "हे दे किंवा ते ने. दोन्ही नाही मिळणार." मी निवेदन उचललं, थेट अपिलाच्या कार्यालयात नेऊन द्यायला. पत्र त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकलं. त्या आठवड्यात नोकरीही सुटली आणि कॉलेजला नकार कळवला. आईला खरं कारण सांगितलं तेव्हा तिने आधी गॅस बंद केला. मग म्हणाली, "दोन वर्षांनी पुन्हा अर्ज कर." पुन्हा करेन की नाही, मला अजून माहीत नाही. शहर आखायला शिकण्याची इच्छा मेलेली नाही, पण आता ती जागा मागायला संकोच वाटतो.

सुनावणीला काकी भाचीबरोबर आली होती. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती, ती पलीकडच्या बाकावर बसली. अधिकाऱ्याने विचारलं, "दुसरी भेट झाली होती का?"

"नाही."

"मग सही कोणाची?"

"माझी."

त्याने लिहून घेतलं, चष्म्यावरून एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुढची तारीख दिली. निकाल काय लागेल, कुणी सांगत नाही.

बाहेर जिन्यात काकी माझ्यासाठी थांबली. मला वाटलं, आता ओरडेल, आणि ओरडावं असंच वाटत होतं. ती कठड्याला धरून हळूच म्हणाली, "माका वाटला, घर बंद करून गेलंय ता माजाच चुकला. तीन वर्सा मी रोज देवाक माफी मागतंय."

मग भाचीचा हात धरून ती एक एक पायरी उतरू लागली. मी तिथेच उभी राहिले.