आत्याच्या नावाभोवतीची लाल चौकट

आमच्या गोंदियाकडच्या गोरेगाव भागात लग्नात दिलेल्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव असतं. दुकानदारच विजेच्या पेनने नाव आणि त्याखाली गाव कोरून देतो. पुढे त्या देणाऱ्याच्या घरी लग्न निघालं, की आपल्या घरातली भांड्यांची मांडणी पाहायची आणि त्याच तोलाचं परत न्यायचं. हे मला कोणी शिकवलं नाही. माझ्या भागीदाराला शिकवावं लागलं, आणि तरीही तो शिकला नाही.

तो गोंदियाचा, राइस मिलवाल्यांच्या घरातला. कॉलेजात माझ्या वर्गात होता. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर, म्हणून पदवीचा कागद आईने देवाजवळ ठेवलेला. त्याचा कागद कुठे आहे हे त्यालाच ठाऊक नव्हतं. घरातली अडगळ विकून देणारं ॲप काढायचं ही कल्पना त्याची, पैसा त्याच्या वडिलांचा आणि काम माझं. वस्तूचा फोटो काढायचा, ॲप किंमत सांगणार, जवळपासचा कोणीतरी ती घेणार. कल्पनेत वाईट काही नव्हतं. पण दुसऱ्याच्या घरात शिरला की या माणसाला सगळीकडे अडगळच दिसे. त्याच्या स्वतःच्या बैठकीत कपबश्यांचे सेट काचेमागे वर्षानुवर्षं पडून होते. ती मात्र शोभा.

एकदा तो आमच्याकडे जेवायला आला. आई त्याला आग्रह करकरून वाढत होती आणि हा एका हाताने आमच्या मांडणीचे फोटो काढत होता. वरच्या फळीवर पितळी गुंड होता, पाणी भरायचा, हल्ली नळामुळे नुसता बसून असलेला.

"ये तो डेड स्टॉक है यार," तो म्हणाला.

तो गुंड केशोरी गावच्या माझ्या आत्याने माझ्या भावाच्या लग्नात दिला होता. दहावीनंतर बाबा मला किराणा दुकानात कामाला लावणार होते. तेव्हा ही आत्या एसटीने आली, बाबांशी भांडली आणि मला पिशवीसकट सोबत घेऊन गेली. तिच्या घरी राहून मी बारावी झालो. मी आज चार ओळी लिहू शकतो, त्या तिच्यामुळे.

वस्तूतले दोष ओळखायला आम्ही ॲपला जे फोटो दाखवले होते ते भागीदाराने बाहेरून विकत आणलेले. त्यांतली भांडी कोरी होती. त्यामुळे ॲपला कोरलेलं नाव म्हणजे ओरखडा वाटे. नावाभोवती ते लाल चौकट काढी, बाजूला 'दोष' असं लिही आणि किंमत उतरवी. हे दुरुस्त करू या, असं मी त्याला बजावलं. त्याचं म्हणणं, दुसऱ्याचं नाव असलेलं भांडं कोण पुऱ्या किमतीत घेणार, म्हणजे दोषच तो. स्वतःच्या हुशारीवर इतका खूश झालेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

मग मला न विचारता त्याने जाहिरात केली. आमचा गुंड, त्यावर आत्याचं नाव, खाली केशोरी, भोवती लाल चौकट आणि 'दोष'. जिल्ह्यातल्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर ती फिरली. केशोरीत आधी पोचली.

आत्याचा फोन आला. मी तिला ॲप समजावलं, ओरखडे समजावले, मशीनला वाचता येत नाही हेही सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"मशीनले नाही समजत. तुमाले तं समजते ना?" एवढं म्हणून तिने फोन ठेवला.

भागीदाराने जाहिरात काढली आणि उपाय शोधला: फोटोतलं नाव धूसर करायचं. धंदा त्यानंतरच वाढला. नातेवाइकांच्या भीतीने गप्प बसलेले, चांगल्या पगाराचे लोक आता माळ्यावरून मामा-मावश्यांचे आहेर उतरवू लागले. फोटोत नाव पुसलेलं, पण कळशीला पडलेला पोचा गावात कोण ओळखत नाही? त्या लोकांची मला किळस आली. त्यांना वाट करून देणाऱ्याची त्याहून जास्त. मी बाहेर पडलो. सेंटिमेंटल लोकांनी धंद्यात पडू नये, असं तो निरोपादाखल म्हणाला. त्याच्या तोंडून तो शब्द मला मानपत्रासारखा वाटला.

या उन्हाळ्यात बहिणीचं लग्न झालं. आईला मंडपाची नव्हती इतकी काळजी आत्याची होती. ती येईल का, आणि आली तर भांडं आणेल का? घरातल्या प्रत्येक लग्नाला तिचं पितळ ठरलेलं. तिने भांडं आणलं, तर झालं गेलं विसरली असं आम्ही समजणार होतो.

आत्या आली. बहिणीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि कमरेच्या पिशवीतून एक पाकीट काढून तिच्या हातात दिलं. पाकिटावर काहीच लिहिलेलं नव्हतं. मी खिशातला पेन पुढे केला. नाव तरी टाक, म्हटलं.

"कायले? नाव टाकलं तं किंमत उतरते ना, बाबू."

ती रागावलेली दिसत नव्हती. पेन तिने माझ्या खिशात परत खोचला आणि पंगतीत जाऊन बसली. आई ते पाकीट घेऊन मांडणीसमोर उभी राहिली. पाठवणीपर्यंत भांडं ठेवायला वरच्या फळीवर गुंडाच्या शेजारची जागा तिने सकाळीच पुसून ठेवली होती. पाकीट तिथे उभं राहत नव्हतं.