मिस्त्रीमामांचे कुलूप

मिस्त्रीमामा एकदा कुणावर डूख धरून बसले की सोडत नसत. जऊळक्याजवळच्या आमच्या तेल कारखान्यात पंप बसवणारे ते एकटेच. पंपाला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करून त्याला स्वतःचे पितळी कुलूप घालायचे, किल्ली करदोट्याला बांधायचे, मगच पाना उचलायचे. उजव्या हाताला बोटे तीनच.

दोन गेली तेव्हा हे कुलूप नव्हते. मोटर आणि पंप जिथे जोडले जातात त्या कपलिंगवर पट्टी ठेवून मामा दोन्ही एका रेषेत आणत होते. पलीकडच्या खोलीत स्विचपाशी मी होतो. इंजिनिअरसाहेब घाईघाईने आले, काम झालंय, पंप सुरू कर म्हणाले, आणि मी केला. नंतर साहेबांनी कागदावर लिहिले, मिस्त्रीचा निष्काळजीपणा. खाली साक्षीदार म्हणून मी सही केली. नोकरी नवी होती आणि मी भित्रा होतो.

मामा त्याच हाताने कामावर परतले आणि पूर्वीपेक्षा किचकट झाले. बोल्ट आवळले की पट्टी, पाइप जोडला की पुन्हा पट्टी, कारण ओढूनताणून जोडलेला पाइप पंपाला जागेवरून हलवतो. साहेब चरफडत. मामा मान वर न करता म्हणत, "सायबाची घाई सायबाच्या बोटाले लागत नाही." साहेबांचा चेहरा उतरे आणि मला, खरं सांगतो, बरं वाटे.

मग नवा मोठा पंप आला, तो बघायला मालक आले. साहेबांनी लगेच सुरू करा म्हटले. पण कपलिंगवर जाळी बसवण्याआधी ते एकदा हाताने फिरवून बघायचे असते. मामा बाजूला सरकले.

"सायेब, आज तुमी फिरवा. कुलूप लावेल हाय, चाबी माह्यापाशी हाय."

साहेबांचा हात पुढे गेला आणि मागे आला. पुन्हा गेला, पुन्हा मागे आला.

"कायले भेता? मिस्त्री निष्काळजी हाय म्हणून?"

ही काय भानगड, मालकांनी विचारले. मामा साहेबांकडे नाही, माझ्याकडे बघत राहिले. मग मी सांगून टाकले, की त्या दिवशी स्विच मी दाबला होता, साहेबांच्या सांगण्यावरून, आणि तो कागद खोटा आहे. महिन्याभरात साहेब गेले. त्यांचे सामान गाडीत चढत होते तेव्हा मामा समोरच बसून बशीतून चहा पीत होते.

मला वाटले, वचपा निघाला. पण मामा निवृत्त होऊन आपल्या गावी, इंझोरीला, निघाले त्या दिवशी त्यांनी करदोट्याची किल्ली सोडली आणि कुलपासकट माझ्या हातात ठेवली. मी पाया पडायला वाकलो.

"माफी नोय हे," ते म्हणाले. "तुही सई मी इसरलो नाही. हे रोज लावजो, म्हणजे तूबी इसरनार नाही."

मामा आता नाहीत. माझ्या हाताखाली चार माणसे आहेत, सगळ्यांची बोटे शाबूत आहेत. रोज सकाळी मी ते कुलूप लावतो, आणि रोज मला माझी सही दिसते.