एक तार सैल

लिफ्टवाल्यांना बोलावल्याशिवाय कुठे जायची सवय नव्हती. उभी नोकरी लिफ्ट दुरुस्त करण्यात गेली, आणि लिफ्ट-दुरुस्तीवाला न बोलावता दारात उभा राहिला की लोकांच्या पोटात गोळा येतो. तक्रार आली की जायचं, काम करायचं, सही घ्यायची आणि निघायचं. निवृत्त झाल्यावरही हे अंगवळणी पडलेलं सुटलं नाही. मुलगी परगावी होती, तिच्याकडेसुद्धा ते गीझर बिघडला की जात. गीझर चांगला निघाला, त्यामुळे जाणं फारसं होत नसे.

राहता राहिलं साडूचं घर. साडू म्हणजे भूगोलाचे मास्तर. शाळेतून सुटका झाल्यावर मास्तरांनी मागच्या खोलीतला पलंग हलवला आणि तिथे प्लायवूडवर आख्खी रेल्वे उभी केली. डोंगर, दरी, बोगदा, दोन स्टेशनं. डोंगर अगदी शास्त्रशुद्ध. दरीच्या कडेला खडकाचे थर रंगवलेले, आणि नदी जिथून निघायला हवी तिथूनच निघायची. विजेच्या बाबतीत मात्र आनंदीआनंद होता. तारा लाल आणि काळ्या अशा दोन रंगांत का येतात, हा प्रश्न मास्तरांना कधी पडला नाही. दिसायला बऱ्या म्हणून येत असतील.

गाडी डिजिटल होती. म्हणजे रुळांत वीज सदानकदा खेळती, आणि प्रत्येक इंजिनाच्या पोटात नखाएवढी चिप. त्या चिपला एक नंबर. हातातल्या कंट्रोलरवर नंबर दाबून हुकूम सोडला की रुळांवरच्या सगळ्या इंजिनांना तो ऐकू जातो, पण ज्याचा नंबर तेच हलतं. बाकीची ढिम्म. दोन रुळांमध्ये चुकून एखादी धातूची वस्तू आडवी आली तर शॉर्ट होतो, लाल दिवा लुकलुकतो आणि सगळा कारभार ठप्प. ती वस्तू काढली की गाड्या जणू काही झालंच नाही अशा पुन्हा चालू लागतात. माणसांपेक्षा बरं, असं लिफ्टवाल्यांचं मत होतं.

मास्तर गाड्या चालवत आणि लिफ्टवाले त्या दुरुस्त करत. रुळांवर काळा थर चढला की स्पिरिटच्या फडक्याने पुसायचा, चाकं जुन्या टूथब्रशने घासायची, मल्टीमीटर लावून तुटकी तार शोधायची. काम चाललं की स्वयंपाकघरात दोघी बहिणींच्या गप्पा चालत. मग लिफ्टवाल्यांची बायको वारली, आणि स्वयंपाकघरातून एकाच बाईचा भांड्यांचा आवाज येऊ लागला.

साडू हे नातं दोन बहिणींना टांगलेलं असतं. एक बहीण गेली की ते एका खिळ्यावर लोंबकळतं. मेहुणी म्हणाली होती, "भावजी, येत जा." पण येत जा म्हणजे कधी? कशासाठी? काय सांगून? लिफ्टवाल्यांनी डोकं खाजवलं आणि त्यांना जमेल असा तोडगा काढला. दुरुस्ती संपवताना एक काहीतरी राहू द्यायचं.

डोंगरामागच्या वळणाखालची तार स्क्रूत अर्धीच बसवायची. गाड्यांच्या थरथरीने ती हळूहळू निसटायची, आठवडाभरात वळणावर गाडी थांबायची आणि फोन यायचा, "साडूभाऊ, पुन्हा बिघडलं हो." लिफ्टवाले पिशवी घेऊन हजर. लिफ्टच्या कामात असलं पाप त्यांनी कधी केलं नव्हतं. लिफ्टमध्ये माणसं असतात. इथल्या डब्यांत प्लास्टिकचे प्रवासी होते, आणि त्यांना कुठे वेळेवर पोचायचं नव्हतं.

एकदा मात्र जरा अतीच झालं. मास्तरांनी नवं मालगाडीचं इंजिन आणलं. नवं इंजिन कारखान्यातून तीन नंबर घेऊन येतं, आणि बोगद्यात उभ्या असलेल्या प्रवासी गाडीचाही नंबर तीनच होता. नव्याला वेगळा नंबर देणं हे पोरखेळाचं काम. लिफ्टवाल्यांनी ते मुद्दाम केलं नाही. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी मोठ्या थाटात मालगाडी सोडली, तर बोगद्यातून प्रवासी गाडी आपण होऊन निघाली आणि स्टेशनासमोर दोघींची टक्कर झाली. प्लास्टिकचा स्टेशनमास्तर दरीत पडला.

फोन आला, पण त्यात नेहमीचं "पुन्हा बिघडलं हो" नव्हतं. "जमलं तर येऊन जा," एवढंच.

लिफ्टवाले गेले तेव्हा मास्तर खुर्चीत बसून होते. कंट्रोलर मांडीवर पालथा.

"विकून टाकतोय सगळं," मास्तर म्हणाले. "एक हॉटेलवाला आहे, रविवारी बघायला येतोय. काचेच्या पेटीत घालून दारात मांडणार म्हणतो."

"अहो, पण का?"

"काय का? तुम्ही इतकं नीट करून जाता आणि मी हात लावला की बिघडतं. माझ्या हातालाच यश नाही, साडूभाऊ. काल तर दोन गाड्या आपटल्या. बटण बरोबर दाबलं होतं, असं मला वाटतं. पण आता मला काय वाटतं त्याचाही भरवसा राहिला नाही. वय झालं. डोकं चालत नाही."

आपल्याला चहाला बोलवावं म्हणून आपण या माणसाला स्वतःच्या डोक्याबद्दल शंका घ्यायला लावली, हे लिफ्टवाल्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं सांगून टाकावं असं वाटलं, पण तोंड उघडेना. तोंडाने दुरुस्ती करायची त्यांना सवय नव्हती.

"रविवारपर्यंत थांबा," ते म्हणाले, आणि उताणे होऊन प्लायवूडखाली शिरले.

त्या दिवशी त्यांनी काही म्हणजे काही राहू दिलं नाही. डोंगरामागची तार साफ करून स्क्रू घट्ट आवळला. सांध्याखाली रुसलेली एक जोडणी नव्याने डाग देऊन पक्की केली. नव्या इंजिनाला एकट्याला वेगळ्या रुळावर घेऊन नवा नंबर दिला. एकूण एक चाक पुसलं. स्टेशनमास्तराला दरीतून काढून, तुटलेला पाय चिकटवून पुन्हा फलाटावर उभं केलं. मेहुणी दारात येऊन बराच वेळ बघत राहिली.

"भावजी, आज बरं सगळं एकदम सापडलं," ती म्हणाली.

लिफ्टवाल्यांनी आणखी आत सरकून घेतलं.

मग मास्तरांनी गाड्या सोडल्या. प्रवासी गाडी बोगद्यातून निघाली, मालगाडी तिच्यासाठी बाजूला थांबली, वळण आलं आणि गेलं. कुठे काही थांबलं नाही. मास्तर तोंड उघडं ठेवून बघत होते. थोड्या वेळाने त्यांनी हॉटेलवाल्याला फोन लावला आणि वर्गात आवाज चढवावा तशा आवाजात सांगितलं, "विकायची नाही. चालतेय ती."

लिफ्टवाले आनंदाने घरी आले. आनंद जिन्यापर्यंत टिकला. कुलूप उघडताना त्यांच्या लक्षात आलं की आपण आज आपलं शेवटचं काम उत्तम केलं.

आठवडा गेला, फोन आला नाही. दुसराही गेला. गाडी नीट चालत होती, दुसरं कारण कुठलं? लिफ्टवाल्यांनी घरातला पंखा उतरवून पुसला आणि परत चढवला. फोन बिघडलाय का ते पाहायला शेजाऱ्यांकडून स्वतःलाच लावून घेतला. वाजला. दुपारचा चहा एकट्याचा करायचा तर भांडं फार मोठं वाटायचं, म्हणून त्यांनी चहाच सोडला. बायकोच्या फोटोकडे बघून एकदा ते म्हणालेसुद्धा, "केलंय एकदम पक्कं. बस आता."

आणि मग वाजला.

"साडूभाऊ," मास्तर म्हणाले. आवाज जरा चोरटा होता. "बंद पडलं हो. सगळंच."

लिफ्टवाल्यांनी चपला घालतानाच पिशवी उचलली.

खोलीत सगळ्या गाड्या जागच्या जागी उभ्या होत्या. लाल दिवा लुकलुकत होता. आणि पहिल्या स्टेशनासमोर, चिकटवलेल्या पायाच्या स्टेशनमास्तराच्या पुढ्यात, दोन्ही रुळांवर नीट आडवा एक स्टीलचा चमचा ठेवलेला होता. पडलेला नव्हता, ठेवलेला होता. मास्तर पाठमोरे उभे राहून डोंगराचे थर तपासत होते.

लिफ्टवाल्यांनी चमच्याकडे पाहिलं. मग मास्तरांच्या पाठीकडे पाहिलं. त्यांनी पिशवीतून मल्टीमीटर काढला आणि दुसऱ्या टोकापासून तपासायला सुरुवात केली.

"कठीण दिसतंय?" मास्तरांनी डोंगरालाच विचारलं.

"बघायला लागेल. घाईचं काम नाही."

"नाही नाही, घाई अजिबात नको."

लिफ्टवाले बोगदा बघून झाल्यावर प्लायवूडखाली शिरले. तेवढ्यात मेहुणी चहा घेऊन आली.

"साखर ढवळायला चमचा मिळेना सकाळपासून," असं म्हणता म्हणता ती थांबली. तिने रुळांवरून चमचा उचलला, फडक्याला पुसला आणि चहात घातला. त्याबरोबर लाल दिवा विझला, आणि खोलीतल्या झाडून सगळ्या गाड्या एकदम चालू लागल्या.

मालगाडी वळणावरून गेली. मेहुणी चहा ढवळत राहिली.

"पुढच्या वेळी खिळा ठेवा," ती नवऱ्याला म्हणाली. "चमचा मला लागतो." मग खाली वाकून म्हणाली, "आणि भावजी, जेवूनच जायचं आहे."

प्लायवूडखाली अंधार होता ते बरंच होतं. लिफ्टवाल्यांनी बाहीने डोळे पुसले. वरून रुळांची बारीक घरघर ऐकू येत होती. डोंगरामागचा स्क्रू त्यांनी बोटाने चाचपून पाहिला. घट्ट होता.

"काय, सापडलं का?" वरून मास्तरांनी विचारलं.

"सापडलं," लिफ्टवाले म्हणाले. "पण वेळ लागेल."