कोणत्याही कामासाठी

थॉमसने स्वतःचा पेन ड्राइव्ह वंदनाच्या लॅपटॉपला लावला, तेवढ्यात मी उठून लॅपटॉपवर हात ठेवला.

"थांब," मी म्हणाले. "हा कोड आज इथून कुठेही जाणार नाही."

शेडमधले तिघंही माझ्याकडे बघायला लागले. थॉमस आमच्या कंपनीचा इंजिनियर, परदेशातल्या मुख्य ऑफिसमधून खास आलेला. बाकीचे दोघं म्हणजे विजय आणि वंदना घागरे. भाऊ-बहीण, त्या शेडचे मालक. मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या बाहेर नागपूर रोडला त्यांचा छोटा कारखाना आहे. संत्र्याच्या बगीच्यात औषध फवारणारे ड्रोन ते बनवतात. सांगाडा, मोटरी, टाकी हे विजयचं काम. ड्रोनचं डोकं, म्हणजे सॉफ्टवेअर, वंदनाचं.

सकाळीच तिगावजवळच्या त्यांच्या बगीच्यात आम्ही तो ड्रोन उडताना पाहिला होता. साधारणपणे ड्रोनला आपण कुठे आहोत हे उपग्रहाच्या सिग्नलवरून कळतं. टेकडीच्या आडोशाला, दाट झाडांत तो सिग्नल तुटतो आणि ड्रोन भरकटतो. वंदनाने त्याला सिग्नलशिवाय उडायला शिकवलं होतं. कॅमेऱ्यातून झाडांचे बुंधे बघत, अंतर जोखत तो दोन ओळींच्या मधून जायचा. थॉमसने जीपीएस बंद करायला लावलं. ड्रोन गेला, वळला, परत आला. एका फांदीला धक्का नाही. थॉमस त्याच्यामागे बगीच्यात धावत सुटला होता. पन्नाशीचा माणूस, बूट चिखलाने भरलेले, आणि चेहरा लहान पोरासारखा.

त्याला आनंद का झाला ते सांगते. युद्धात शत्रू सगळ्यात आधी हा उपग्रहाचा सिग्नलच बुजवतो. त्यामुळे सिग्नलशिवाय उडणारा ड्रोन जगातल्या प्रत्येक सैन्याला हवा आहे. आमची कंपनी संरक्षण क्षेत्रातली, पाच-सहा देशांत पसरलेली. जमिनीत पेरलेले भूसुरुंग शोधणारा ड्रोन आम्ही तयार करत होतो. सिग्नल गेला की तो आंधळा व्हायचा. तिथे वंदनाचा कोड हवा होता.

मी या कंपनीची वकील. कोर्टात उभी राहत नाही. नवीन तंत्रज्ञान कुणाकडून घ्यायचं, कुणाला द्यायचं, कोणत्या देशाच्या कायद्यात ते अडकतं, हे बघणं माझं काम. बसते बंगलोरला, पण जन्म इथल्याच पांढुर्ण्याचा. वडील नगरपालिकेत पाणीपुरवठ्यावर होते. शाळा तिथलीच, कायदा नागपूरला शिकले. सौंसरचं नाव मीटिंगमध्ये निघालं तेव्हा आमचे डायरेक्टर राघवन म्हणाले, "तुझा भाग आहे. तू जा, लवकर सही होईल."

थॉमस वैतागला. "मी चोरी करत नाहीये. ते स्वतःहून देताहेत."

"माहीत आहे," मी म्हणाले. "तरीही ही निर्यात आहे."

हे विजयला पटेना. "निर्यात कायची जी? इथंच तर बसून आहो आपण. ना जहाज, ना ट्रक."

मी त्याला समजावलं. सरकारची एक यादी असते. सैन्याच्या कामी येऊ शकेल असा माल त्या यादीत असतो आणि माल म्हणजे फक्त लोखंड नव्हे, सॉफ्टवेअरसुद्धा. त्यातलं काही परदेशी माणसाच्या हाती द्यायचं तर आधी परवानगी लागते. मेलने पाठवा, पेन ड्राइव्हवर द्या, कायद्याला दोन्ही सारखंच. वंदनाचा कोड त्या यादीत बसतो की नाही, हे अजून कुणी तपासलंच नव्हतं. उद्या तो बसतो असं निघालं असतं, तर गुन्हा कंपनीवर आणि या दोघांवरही आला असता.

थॉमसने पेन ड्राइव्ह काढून खिशात टाकला.  वंदनाने आमचा कराराचा मसुदा टेबलावर ठेवला.

"मॅडम, तुमी आल्याच आहात तर एक विचाराचं होतं. हे 'कोणत्याही कामासाठी' म्हंजे काय?"

मसुद्यात लिहिलं होतं की कंपनी हा कोड कोणत्याही कामासाठी वापरू शकेल. आमच्या प्रत्येक करारात हे वाक्य असतं.

"म्हणजे कोणत्याही कामासाठी," मी म्हणाले.

"बॉम्ब नेणाऱ्या ड्रोनमधी घातला तर?"

इतकी वर्षं मी या क्षेत्रात काम करते. असा सरळ प्रश्न मला कुणी समोर बसून विचारला नव्हता. ड्रोन जे काही वाहून नेतो त्याला आमच्याकडे 'पेलोड' म्हणतात. पेलोड म्हटलं की कॅमेराही आला आणि बॉम्बही आला. कुणाला दचकायला होत नाही.

थॉमसला मराठी कळत नव्हती. मी काहीही सांगून वेळ मारून नेऊ शकले असते. मी म्हणाले, "आजच्या मसुद्यात ते थांबवणारं काही नाही. पण एक ऐक. मी कंपनीची वकील आहे, तुमची नाही. तुम्ही तुमचा वकील करा. माझ्या भरवशावर सही करू नका."

विजय उठून उभा राहिला. "काऊन असं करून राहिली वंदे? सैन्यालेच देऊन राहिलो ना आपण, चोरायले तर नाही."

"सैन्याले द्याले माही ना नाही, दादा. पण कोन्या देशाच्या, कायच्यासाठी, हे मले माहीत पाह्यजे. मी हे झाडाले धक्का लागू नये म्हणून लिहिलं. सुरुंग शोधाले लावा, मी आनंदानं देतो. बाकीचं मले इचारल्याबिगर नाही."

"आणि त्यायनं दुसरा कोणी पाह्यला तर? सौंसरात बसून फवारेच बनवू जिंदगीभर?" विजय माझ्याकडे वळला. "ताई, तुमी आपल्या पांढुर्ण्याच्या. आमचं काम होईन म्हणून मी खुश होतो. तुमीच अडवून राहिल्या."

ते मला लागलं. पण उत्तर द्यायची ती वेळ नव्हती. मी पर्स उचलली आणि थॉमसला घेऊन निघाले. शनिवार होता, जामसांवलीच्या हनुमानाला जाणाऱ्यांच्या गाड्यांनी रस्ता भरलेला. गाडी रांगेत असतानाच राघवनचा फोन आला. थॉमसने त्यांना आधीच कळवलं होतं.

"तुला सही आणायला पाठवलं होतं," ते म्हणाले.

"सही झाली असती तर परवानगीत अडकली असती."

"त्या मुलीला तू काय सांगितलंस?"

"जे मसुद्यात आहे तेच."

"उद्यापर्यंत त्यांना पटव. नाहीतर मी दुसऱ्या वकिलाला पाठवतो."

"पाठवा," मी म्हणाले. "माझं मत मी मेलवर लिहून देते. नंतर कुणी विचारलं तर ते तिथे असेल."

"बघतो," म्हणून त्यांनी फोन ठेवला. राघवन वाईट माणूस नाहीत. त्यांच्यावर प्रोजेक्टचं ओझं होतं आणि वरून रोज विचारणा होत होती. पण मेलवर लिहून देते म्हटलं की आमच्या धंद्यात माणूस जरा थांबतो.

सावरगावला माझी आत्या राहते. थॉमसला हॉटेलवर सोडून मी तिच्या घरी मुक्काम केला. आत्या चहा देत म्हणाली, "तोंड काऊन उतरलं व?" मी थोडक्यात सांगितलं. तिला ड्रोनचं काही कळलं नाही. तिने फक्त विचारलं, "मंग आता तू कोणाकडून?"

"कंपनीकडून," मी म्हणाले. आणि ते खरंच होतं. मला वंदनाची बाजू मांडायची नव्हती, ते माझं काम नव्हतं. मला कंपनीला तो कोड कायदेशीर मार्गाने मिळवून द्यायचा होता. 'कोणत्याही कामासाठी' या दोन शब्दांनी तो मिळणार नाही, एवढं मला दिसत होतं. आता ते मुख्य ऑफिसला दाखवायचं होतं. त्या रात्रीच मी माझं मत मेलवर लिहून पाठवलं आणि मुख्य ऑफिससोबत मीटिंग मागितली.

सोमवारी त्याच शेडमध्ये व्हिडिओ मीटिंग लागली. स्क्रीनवर राघवन आणि मुख्य ऑफिसच्या लीगल हेड हेलन. इकडे आम्ही आणि घागऱ्यांचे नवे वकील बोरकर. सौंसरच्या कोर्टात जमिनीच्या केसेस चालवणारे. ते आल्या आल्या म्हणाले, "मॅडम, ह्या ड्रोनचं मले काही समजत नाही. पण 'ना' म्हणायसाठी मी आलो आहो."

हेलन सुरुवातीलाच म्हणाल्या, "हे आमचं ठरलेलं वाक्य आहे. ते आम्ही कुणासाठी बदलत नाही."

मी ते बोरकरांना मराठीत सांगितलं.

"आमच्या पक्षकाराची ना आहे," बोरकर म्हणाले.

राघवननी वेगळ्या शब्दांत तेच मांडलं. बोरकरांनीही तेच उत्तर दिलं. तिसऱ्यांदाही तेच झालं. थॉमस मान खाली घालून बसला.

मग मी हेलनना विचारलं, "परवानगीचा अर्ज कुणाच्या सहीने जाणार?"

"तुमच्या."

"मग मला एक अडचण आहे. अर्जासोबत शेवटचा वापर कुठे, कोण, कशासाठी करणार, याचं हमीपत्र लागतं. अर्जावर सही माझी, पण त्या हमीपत्राखाली सही तुमची. त्यात मी काय लिहू? 'कोणत्याही कामासाठी'? असा अर्ज कोणता अधिकारी मंजूर करेल? आणि मी 'भूसुरुंग शोधण्यासाठी' असं लिहिलं, पण करारात 'कोणत्याही कामासाठी' असेल, तर हमीपत्र खोटं ठरतं. तुमच्या सहीचं हमीपत्र."

हेलननी चष्मा काढला. "पुढे बोला."

मी तीन गोष्टी मांडल्या. कोड विकत घ्यायचा नाही, वापरायचं लायसन्स घ्यायचं, तेही फक्त भूसुरुंग शोधणाऱ्या ड्रोनसाठी. दुसऱ्या कोणत्याही वापरासाठी घागऱ्यांची नव्याने लेखी संमती. आणि आमचे इंजिनियर त्या कोडमध्ये जे काही बदल करतील, त्यातली एकही ओळ सौंसरला परत पाठवायची नाही.

शेवटच्या मुद्द्यावर विजय चमकला. "काऊन जी? त्यायनं सुधारला तर आमाले फायदा नाही का?"

हा मुद्दा भल्याभल्यांना कळत नाही. परदेशी संरक्षण कंपनीत लिहिलेला कोड आपल्या कोडमध्ये मिसळला, की त्या देशाचा कायदा त्याला चिकटतो. मग पांढुर्ण्याच्या शेतकऱ्याला फवारणीचा ड्रोन विकायचा तरी परदेशातून परवानगी मागावी लागू शकते. मी म्हणाले, "विजयभाऊ, तुमचा फवारा तुमचाच राहू द्या. त्यात आमचं काही घालू नका."

 तो म्हणाला, "हाव. हे बराबर आहे."

हेलननी दोन दिवस मागितले आणि त्यानंतर बराच काथ्याकूट झाला. नव्या संमतीच्या कलमात त्यांना "विनाकारण नकार देता येणार नाही" असे शब्द हवे होते. ते आले असते तर वंदनाच्या प्रत्येक नकाराचं कारण कोर्टात तपासलं गेलं असतं. मी ते काढायला लावले. राघवन मला म्हणाले, "तू त्यांच्या वकिलापेक्षा जास्त भांडते आहेस." मी म्हणाले, "त्यांचे वकील हे शब्द राहू देणार नाहीत आणि आपण पुन्हा पहिल्यापासून सुरू करू. मी तुमचाच वेळ वाचवते आहे." हे अर्धं खरं होतं. उरलेल्या अर्ध्याचा हिशोब मी स्वतःलाही विचारला नाही.

सह्या झाल्या. अर्ज गेला. कोड यादीत बसत होता, म्हणजे त्या दिवशी पेन ड्राइव्ह गेला असता तर सगळेच अडकलो असतो. परवानगी यायला महिने लागले. या काळात विजयने मला फोन केला नाही. परवानगी आल्यावर केला, आणि बगीच्यात संत्र्याचा हिवाळ्यानंतरचा आंबिया बहार किती छान आला आहे एवढंच सांगत राहिला.

भूसुरुंगाची चाचणी परदेशातल्या एका मैदानावर झाली. सिग्नल मुद्दाम बुजवला होता. वंदनाने, विजयने आणि मी ती शेडमधून स्क्रीनवर पाहिली. ड्रोन खांबांच्या ओळींमधून गेला, सुरुंग पुरून ठेवलेल्या जागांवर थांबत, खुणा करत. वंदना पूर्ण वेळ ओठ दाबून बसली होती. संपल्यावर ती उठून बाहेर गेली, तोंडावर पाणी मारून आली आणि म्हणाली, "वळताना थोडा अडखळून राहिला. सुधारतो मी."

पुढच्या वर्षी कंपनीच्या दुसऱ्या विभागाला तोच कोड हवा होता. यावेळी ड्रोन शस्त्र घेऊन जाणारा होता. कराराप्रमाणे मी वंदनाला पत्र पाठवलं. काम काय आहे ते त्यात सरळ लिहिलं, पेलोड हा शब्द वापरला नाही. तिचं उत्तर एका ओळीचं आलं. नाही.

राघवननी मला केबिनमध्ये बोलावलं. करार समोर होता.

"आपण काही करू शकतो का?"

"नाही."

"कोर्टात?"

"तिथेही नाही. कारण द्यायचं तिच्यावर बंधन नाही."

त्यांनी ते कलम पुन्हा वाचलं. "एवढं पक्कं कुणी लिहिलं हे?"

"मी."

ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी करार माझ्याकडे सरकवला आणि त्या विभागाला फोन लावला, दुसरी सोय बघा म्हणून.

नवीन वकील आमच्याकडे येतात तेव्हा मी त्यांना हाच करार वाचायला देते. कलम लिहिताना ते एक दिवस आपल्याच कंपनीच्या आड येणार आहे असं धरून लिहायचं आणि तरीही ते नीट लिहायचं, एवढंच मी त्यांना सांगते. काहींना ते पटतं. काही जण बदलीचा अर्ज करतात.