चिंच नावाच्या मशीनचं कुलूप

माझा धाकटा भाऊ विनायक एका मंगळवारी औरादच्या रस्त्यावर अपघातात गेला. त्याला आता वर्ष झालं.

मी बीदरला कॉलेजात ग्रंथपाल आहे. भुताखेताच्या गोष्टी मी वाचकांना काढून देते... स्वतः कधी खऱ्या मानल्या नाहीत, आजही मानते असं म्हणवत नाही. जे घडलं ते फक्त सांगते.

विनू नौबादच्या आमच्या घरातूनच एका कंपनीचं काम करायचा. उरलेल्या वेळात आम्ही दोघांनी आपल्या सीमाभागातल्या बोलीचा कोश केला — वेबवरचा. शब्दावर बोट ठेवलं की तो बोलणाऱ्याचा आवाज ऐकू येतो. संतपूरच्या शेतकऱ्यांपासून बसवकल्याणच्या कासारणीपर्यंत, सगळ्यांचे आवाज विनूनं फोनवर घेतले होते. त्यातली काही माणसं आता नाहीत. पहिला शब्द चाचणीसाठी तो स्वतःच बोलला होता — ‘व्हय’.

त्याच्या कामाची रीत मला फार आवडायची. अ‍ॅप आणि त्याला लागणारं सगळं तो एका कंटेनरमध्ये भरायचा. “डबाच की, अक्का. कुठंबी उघड, चव तीच.” आणि क्लाउडवर सर्व्हर कोणता, डेटाबेस कसा, कोणाला आत सोडायचं, हे सगळं कोड म्हणून लिहून ठेवायचा. एक आज्ञा दिली की लिहिल्याप्रमाणे सगळं उभं राहायचं. माणसानं इतकं नीट लिहावं की वाचूनच इमारत उभी राहावी... पुस्तकांत जन्म गेलेल्या मला याचं नवल वाटे.

उभारण्याआधी मशीन आपला बेत दाखवतं — काय नवं बांधणार, काय बदलणार, काय पाडणार. विनूचा नियम होता : लिहिणाऱ्यानं तो बेत वाचायचा नाही, दुसऱ्यानं मोठ्यानं वाचायचा. ती दुसरी मी. तो बाजेवर डोळे मिटून पडायचा. “गाळू नको अक्का. झोप लागली न्हाई मला.”

वर्षश्राद्धाला संतपूरला कोशाची नवी आवृत्ती दाखवायची ठरली. तिचं काम शिवलीलानं केलं. विनूच्याच टीममधली ही मुलगी, त्याला दादा म्हणायची. आदल्या रविवारी दुपारी ती घरी आली. कोड उघडून ती हसली.

“दादानं डेटाबेसचं नाव काय ठिवलंय बघा — ‘तात्पुरतं’! इतक्या लोकांचे आवाज हायत, आन् नाव तात्पुरतं!”

“बदलायचं राहून गेलं असेल.”

“मग दादाचंच नाव देऊ की. शाळेला देत्यात, बसथांब्याला देत्यात. ह्याला कामून न्हाई?”

मलाही ते पटलं. तिनं जुन्या नावाच्या जागी विनायकचं नाव घातलं. मशीननं बेत दाखवला. बराच लांब होता.

“वाचता का अक्का? दादाचा नियम...”

वर्षभरात मी तसं वाचलं नव्हतं. आवाज फुटला नसता. “आज नको गं,” म्हणाले. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि शेवटची आज्ञा दिली.

मशीननं नकार दिला. एका वेळी एकाच माणसानं बदल करावा म्हणून या कामाला कुलूप असतं, आणि ते कुणीतरी लावलेलं होतं. खाली लावणाऱ्याचं नाव येतं. नाव : विनू. मशीन : चिंच. वेळ : आत्ताची.

चिंच म्हणजे विनूचा लॅपटॉप. खिडकीबाहेरच्या झाडावरून त्यानं ते नाव दिलं होतं. मी कपाट उघडलं. लॅपटॉप पिशवीत होता, गार. बटण दाबून पाहिलं. काही नाही.

शिवलीला हसली की रडली, कळलं नाही. “दादा, जावा की बाजूला... काम करायलाव न्हवं आम्ही?” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “जबरदस्तीनं काढता येतंय हे कुलूप. काढू?”

“थांब,” मी म्हणाले. “आधी बेत वाचू दे.”

आणि मी मोठ्यानं वाचायला लागले. गाळलं काही नाही. मध्यावर एक ओळ आली — डेटाबेस पाडून नव्यानं बांधणार. कारण : नाव बदललं.

“अगं आई गं...” शिवलीलाचा हात तोंडावर गेला. “ह्याचं नाव चालू असताना बदलत न्हाई, अक्का. जुना पाडतंय, नवा रिकामा देतंय. सगळे आवाज गेले असते!”

वेगळी प्रत कुठंच नव्हती. ते काम विनू गेला त्याच्या पुढच्या महिन्यात करणार होता.

तिनं जुनं नाव परत घातलं. नवा बेत आला, तो मी शेवटपर्यंत वाचला. फक्त नवा कंटेनर बसणार होता, पाडणार काही नव्हतं. तिनं आज्ञा दिली... आणि काम निमूट झालं. कुलूप नव्हतं. आम्ही ते काढलं नव्हतं.

इंजिनिअर वाचक म्हणतील, जुनं अडकलेलं कुलूप असेल. शिवलीलाही आधी तेच म्हणाली. पण बेत काढतानाही मशीन आधी ते कुलूप तपासतं; लावलेलं असतं तर बेतही अडला असता, आणि पहिला बेत तर विनातक्रार निघाला होता. अडकलेलं कुलूप आपोआप सुटत नाही. विनूचे प्रवेशाचे सगळे परवाने तो गेल्यावर लगेच रद्द झाले होते. तिनं ऑफिसातल्या जाणत्यांना विचारलं. कुणाला सांगता आलं नाही. मलाही येत नाही.

आता वेगळी प्रत ठेवली आहे. बेत मीच वाचते, मोठ्यानं. डेटाबेसचं नाव ‘तात्पुरतं’ आहे. ‘व्हय’ या शब्दावर बोट ठेवलं की विनूचा आवाज येतो.